उळं टाकायच्या आधी

पहाटे साडेतीन

गजर साडेतीनचा असतो, पण आई त्याच्या आधीच उठलेली असते. आज तिची एकादशी, कामदा एकादशी. चुलीवर पाणी तापतंय आणि ओसरीवर तिचा हरिपाठ चाललाय, आमची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजात. एप्रिल २०२५चा दुसरा आठवडा, मंगळवार. अंगणात ट्रॉली उभी आहे. उन्हाळ कांदा काल संध्याकाळीच भरला, वर ताडपत्री टाकली, दोन्ही बाजूंनी दोरी आवळली. पावसाचं चिन्ह नाही. तरी ताडपत्री टाकतोच, कारण मार्च-एप्रिलच्या आभाळाचा आता काही भरवसा राहिलेला नाही.

चहा घेताना फोन बघतो. ही सवय ८ डिसेंबर २०२३ पासूनची आहे.

त्याच्या आदल्या रात्रीही अशीच ट्रॉली भरून ठेवली होती, लाल कांद्याची. पहाटे निघालो, मार्केटच्या रांगेला लागलो आणि फटफटायच्या सुमाराला पुढच्या पिकअपवाला मागं येऊन म्हणाला, "निर्यात बंद झाली." आम्हाला वाटलं, अफवा उठवली असेल कुणीतरी. मग एकेकाच्या फोनवर तो कागद येऊ लागला. अधिसूचनेवर तारीख ७ डिसेंबरची आणि बंदी लागू ८ पासून, ३१ मार्चपर्यंत. रात्री मी झोपलो तेव्हा कांद्याला एक भाव होता आणि सकाळी रांगेत उभा राहिलो तेव्हा भाव सांगायलाच कुणी तयार नव्हतं. जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी लिलाव बंद पडले, उमराण्याला लोक हमरस्त्यावर उतरले. मी भरलेली ट्रॉली घेऊन माघारी आलो. आईनं अंगणात आवाज ऐकला आणि विचारलं, "एवढ्या लवकर कसा आला रे?" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नव्हतं.

आज फोनवर काही नाही. कप ठेवला आणि निघालो.

पावणेपाच

वस्तीवरून मुंबई-आग्रा हमरस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी ट्रकांची धार लागलेली असते. आम्ही ट्रॅक्टरवाले सर्व्हिस रोड धरतो. चिंचखेड चौफुलीवर चहाच्या दोन टपऱ्या उघडलेल्या. वणीच्या गडावर चैत्रोत्सव सुरू आहे, त्यामुळे भगवे झेंडे लावलेल्या दोन गाड्या बाजूनं गेल्या. पुढं जोपूळ रस्त्याला वळलो की पिंपळगाव बाजार समितीच्या आवाराचे दिवे दिसू लागतात. लासलगावचं नाव देशभर आहे, पण कांद्यात पिंपळगावही त्याच्या मागोमाग येतं, आणि टोमॅटोच्या दिवसांत तर इथं पाय ठेवायला जागा नसते. चांदवड, दिंडोरी, कळवणकडूनही माल इथं येतो. लांबची माणसं रात्री बारालाच निघालेली असतात.

आज माझा नंबर बराच मागं लागला.

साडेपाच ते नऊ

रांगेतला वेळ हा शेतकऱ्याचा सगळ्यात मोकळा वेळ. इथं जेवढी चर्चा होते तेवढी ग्रामसभेतही होत नाही.

माझ्या पुढं आमच्याच शिवारातले तात्या आहेत. वय सत्तरीच्या पुढं, पण ट्रॉलीबरोबर स्वतः येतात. मुलगा म्हणतो, घरी बसा. तात्या म्हणतात, "माल माझा, तर बोली मी ऐकणार." १९८०च्या आंदोलनात ते विशीतले होते. १० नोव्हेंबर १९८० रोजी शरद जोशींच्या हाकेवर याच हमरस्त्यावर नाशिक जिल्ह्यातले शेतकरी बसले. उसाला टनाला ३०० रुपये हवे होते आणि कांद्यालाही परवडेल असा भाव. खेरवाडी स्टेशन आमच्याच निफाड तालुक्यातलं. तिथं रेल्वे अडवली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. तात्या ते सांगताना आवाज चढवत नाहीत. "बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या रस्त्यात," म्हणतात, "बैलांना चारा बायका आणून टाकायच्या." आणि एवढ्यावरच थांबतात.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "तात्या, जोशी साहेब तर स्वित्झर्लंडला मोठ्या नोकरीत होते. ते सोडून इकडं कांद्यात कसे पडले?" शरद जोशी बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. ते सोडून आले, पुणे जिल्ह्यात कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसली आणि १९७८च्या सुमाराला चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभं केलं. तात्या म्हणाले, "त्यांनी आधी स्वतः तोटा खाल्ला. म्हणून त्यांचं आम्हाला पटलं."

तात्यांचं १९८०, तसं माझ्या पिढीचं २०२३-२४. ते वर्ष मोजायचं तर ऑगस्टपासून मोजावं लागतं. त्या ऑगस्टमध्ये पाऊस गेला तो गेलाच. देशभरात शंभराहून अधिक वर्षांतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. लाल कांद्याच्या लागवडी लांबल्या. आमच्या कांदाचाळीत उन्हाळ कांदा होता, भाव जरा कुठं वर सरकत होता. १९ ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लिलाव बंद पडले. तीन दिवसांत घोषणा झाली की नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था सरकारसाठी आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेतील. मग २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली आणि जवळजवळ दोन आठवडे जिल्ह्यातलं मार्केट ठप्प झालं. चाळीतला कांदा तोवर थांबत नाही. त्याला कोंब फुटतात, खालच्या थराला पाणी सुटतं. रोज सकाळी चाळीच्या जाळीला नाक लावून मी वास घ्यायचो. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. आणि डिसेंबरात बंदी. ११ डिसेंबरला चांदवडला शरद पवारांसह हजारो शेतकरी रस्त्यावर बसले, तात्याही गेले होते. मी त्यांना म्हणालो होतो, "या वयात नका जाऊ." ते म्हणाले, "बसायचंच तर आहे."

साडेआठला रांग सरकली. गेटवर आवक नोंदवली, ट्रॉली ओळीत लावली, ताडपत्री काढली. सकाळच्या उन्हात कांदा असा काही झळकतो की दर वेळी छातीत धडधडतं.

सव्वानऊ

लिलाव.

बाहेरच्या माणसाला हे कळावं म्हणून सावकाश सांगतो, कारण प्रत्यक्षात ते सावकाश होत नाही. वाहनांच्या ओळीतून बाजार समितीचा माणूस आणि त्याच्या मागं व्यापाऱ्यांचा घोळका पुढं सरकत येतो. ट्रॉलीपाशी आले की एकजण ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरचा कांदा दाखवायचा असतो हे त्यालाही माहीत आणि मलाही, म्हणून तो खालचा काढतो. एक कांदा बाहेर येतो. अंगठ्यानं मान दाबतो. मान बारीक आणि सुकलेली असेल तर कांदा चाळीत टिकतो; मान जाड, ओली असेल तर तो महिनाभरही राहत नाही. मग पत्ती बघतो. दुहेरी पत्तीचा, तांबूस चमक असलेला कांदा दूरच्या प्रवासाला चालतो. मग मूठभर खाली सोडून आवाज ऐकतो. पक्का कांदा लाकडासारखा वाजतो. हे सगळं दोन श्वासांत उरकतं.

"हजार... अकराशे... बारा... बाराशे पन्नास..."

मी ट्रॉलीच्या चाकापाशी उभा असतो. नोव्हेंबरात उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकलं. जानेवारीत सुरगाण्याकडून आलेल्या टोळीनं गुडघ्यावर बसून एकेक रोप लावलं. थ्रिप्ससाठी फवारण्या झाल्या, रात्रपाळीच्या लाईटवर थंडीत पाणी भरलं. काढला, पात सुकवली, ढीग घातला, पात कापली, निवडला. पाच महिने. आणि बोली चालते जेमतेम पंधरा सेकंद. तेवढ्या वेळात कुठं बघावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. व्यापाऱ्यांच्या तोंडाकडं बघवत नाही, म्हणून मी त्या बाहेर काढलेल्या कांद्याकडं बघत राहतो.

"तेराशे... तेराशे दहा. एकवार, दोनवार..."

क्विंटलला तेराशे दहाला सुटला. सौदापट्टी हातात आली. माझ्या वहीप्रमाणे यंदा मला किलोमागं बारा-तेरा रुपये खर्च आलाय. म्हणजे आज हात झटकून घरी जायचं, एवढंच.

घरी एका जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलीत मी सगळ्या पट्ट्या जपून ठेवतो. त्या बंदीच्या वर्षाच्या तीन पट्ट्या एका टाचणीत आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ३,६१०ची. त्याच महिन्याच्या शेवटाची १,८०५ची. जानेवारीच्या शेवटाची १,०७०ची. कांदा एकाच वावरातला, बियाणं एकच, माती तीच, माझे हातही तेच. पोरगा दहावीला होता, त्यानं एकदा त्या पट्ट्या बघून विचारलं, "पप्पा, या मधल्या दिवसांत कांद्याला झालं काय होतं?" मी म्हणालो, "कांद्याला काही झालं नव्हतं."

साडेअकरा

भुईकाट्यावर वजन झालं, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळं म्हणजे मोठं शेड, जमिनीवर कांद्याचे डोंगर, कडेला बायका निवडायला बसलेल्या. बारीक गोल्टी एकीकडं, जुळा म्हणजे जोड कांदा एकीकडं, मोठा माल एकीकडं. ट्रॉली उपसली. निम्मी खाली झाली आणि खळ्यावरच्या माणसानं हात वर केला. "खाली जोड दिसतोय. शंभर कमी करावे लागतील."

जोड होता, नव्हता असं नाही. पण मूठभर. लिलावात हात घालून बघितल्यावर, भाव ठरल्यावर, माल खाली पडल्यावर पुन्हा भाव तोडायचा, हे आमच्या वाट्याला नेहमी येतं. आता अर्धी ट्रॉली जमिनीवर आणि अर्धी वर. परत भरून न्यायचा म्हणजे हमाली पुन्हा, नंबर पुन्हा, डिझेल पुन्हा. मी म्हणालो, "शेठ, बोली सगळ्यांसमोर झाली. मी बाजार समितीत जातो." तो म्हणाला, "जा." मी खरंच निघालो. दहा पावलं गेलो असेन, तोवर त्यानं हाक मारली. शंभरचे तीस झाले. १,२८० वर मिटलं.

माल भरला चौतीस क्विंटल वीस किलो. क्विंटलला तीस म्हणजे एक हजार सव्वीस रुपये. सांगायला रक्कम लहान वाटते. माझ्या वावरात तीन बाया दिवसभर वाकून कांदा कापतात, तेव्हा त्यांची मजुरी तेवढी होते. मी त्यांच्या घामाचे पैसे दहा पावलांत सोडून आलो, हा विचार घरी पोचेपर्यंत मनातून जात नाही.

एक वाजता

पट्टी मिळाली, पैसे खात्यावर येतील. आवाराबाहेरच्या हॉटेलात मिसळ सांगितली. भाचा आला. तो द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. हंगाम आता संपल्यात जमा, म्हणून त्याला वेळ होता.

निफाड तालुक्यातली द्राक्षं युरोपात जातात, बहुतेक कंटेनर रॉटरडॅम बंदरात उतरतात. प्रत्येक बागेची नोंदणी, औषधांच्या अंशाची तपासणी, पेटीवर नोंद. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रात येमेनकडून जहाजांवर हल्ले होत होते, त्यामुळे आमच्याकडचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. प्रवास लांबला, भाडं वाढलं. कुठं येमेन आणि कुठं आमची थॉमसन द्राक्षं! पण भाच्याचं म्हणणं असं की तिकडं निदान नियम आधी माहीत असतात. कुठलं औषध चालेल, किती दिवस आधी थांबवायचं, मणी किती मिलिमीटरचा हवा, हे छाटणीच्या वेळीच कळलेलं असतं. नियम कडक आहेत, पण मध्यरात्री बदलत नाहीत.

"मामा, ती पॅरिसची ट्रॅक्टरं आठवतात का?" त्यानं विचारलं.

आठवतात. जानेवारी २०२४, आमच्याकडं निर्यातबंदी चालू होती आणि लाल कांदा हजार-अकराशेला जात होता. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ यायचे. फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी आधी तुलूझजवळचा हमरस्ता अडवला, मग देशभर, आणि महिनाअखेर पॅरिसकडं जाणारे रस्ते ट्रॅक्टरांनी बंद केले. शेतीच्या डिझेलवरची सवलत सरकार कमी करणार होतं. पहिला रस्ता अडल्यापासून आठ दिवसांत त्यांचे पंतप्रधान गाब्रिएल आताल शेतकऱ्यांमध्ये आले, गवताच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून बोलले आणि डिझेलचा निर्णय मागं घेतला. शेतकऱ्यांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्या देशालाही ते वर्ष सोपं गेलं नाही. जूनमध्ये संसद विसर्जित झाली, निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, डिसेंबरात सरकार पडलं. तरी तो गवताचा गठ्ठा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्याच्या जिवावर निर्णय होतो त्याच्या वावरात येऊन, त्याच्यासमोर कागद ठेवून बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडं काय झालं ते मी भाच्याला पुन्हा सांगितलं नाही, त्याला माहीत आहे. बंदी ३१ मार्चला संपायची होती. संपायच्या नऊ दिवस आधी, २२ मार्च २०२४ला, ती पुढील आदेशापर्यंत वाढली. एप्रिलच्या शेवटाला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची निर्यात मोकळी केली, तेव्हा आमच्या रांगेत त्या दिवशी मोठ्यानं बोलायलाही कुणी तयार नव्हतं, इतकं ते लागलं होतं. ४ मेला बंदी उठली, पण सोबत ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबरला किमान किंमत गेली, शुल्क २० टक्के झालं. आणि याच महिन्याच्या १ तारखेला, १ एप्रिल २०२५ला, ते २० टक्केही गेलं.

म्हणजे आता रस्ता मोकळा. मग आज तेराशे दहाच का?

भाचा म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक गेलं." आणि ते खरं आहे. आपला कांदा मिळेना म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घेतला. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, तो आता स्वतःच्या शेतकऱ्यांनाच कांदा पिकवायला लावतोय. गावातलं दुकान सहा महिने बंद ठेवा आणि मग फाटक उघडून बघा, कोण येतं. बंदी एका रात्रीत घालता येते. दुबईचा किंवा क्वालालंपूरचा व्यापारी एका रात्रीत परत आणता येत नाही. त्याला पुन्हा विश्वास बसायला किती हंगाम जातील, ते हंगाम आमच्या वहीत मांडले जातात.

दुपारी साडेतीन

वावरात. शेवटचा अर्धा एकर काढायचं आहे. ऊन डोक्यावर, बाया ओळीनं बसून विळ्यानं पात कापतायत. घरचीही त्यांच्यात आहे. पात कापताना मान बोटभर ठेवावी लागते, नाहीतर कांदा वरून कुजतो. ती वाढीव एक बोट ठेवते आणि नवीन पोरींना तसंच शिकवते.

बांधाच्या कडेला आम्ही बियाण्यासाठी कांदा लावलाय. गेल्या वर्षीच्या चाळीतला सगळ्यात चांगला निवडून, दसऱ्यानंतर. आता त्याला गोंडे आलेत, पांढरी फुलं वाळून काळं बी डोकावतंय. हेच उळं. एक गोंडा हातात धरून अंगठ्यानं चोळला की तळहातावर बारीक, कोनेदार, कोळशासारखं बी उरतं. टरफल फुंकून उडवायचं. एवढ्या बियांवर पुढच्या उन्हाळ्याचं सगळं ठरतं.

मी शहरातल्या माणसाच्या विरोधात नाही. माझी बहीण डोंबिवलीला राहते, तिचं घर पगारावर चालतं. ऑक्टोबर २०२३च्या शेवटाला तिचा फोन आला होता, "दादा, इथं कांदा साठ रुपये झालाय रे." मी म्हणालो, "अगं, माझा पस्तीसच्या आत गेला." दोघंही गप्प बसलो. तिचं साठ खरं, माझं पस्तीस खरं. सरकारला तिचाही विचार करावा लागतो, हे मला पटतं. मी एवढंच मागतो की जे काही ठरवायचं ते उळं टाकायच्या आधी सांगा. शुल्क लावा, मर्यादा घाला, बंदी घाला, पण ऑक्टोबरात सांगा. मी अर्ध्या वावरात हरभरा पेरीन, गहू पेरीन, माझं मी बघीन. ८ डिसेंबरला माझ्या वाफ्यात रोप सहा आठवड्यांचं होतं. ते उपटून फेकावं की लावावं, हा प्रश्न त्या रात्री नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांत होता. आम्ही लावलं. कारण तयार रोप फेकायला हात धजत नाही.

बायांपैकी एक म्हणाली, "भाऊ, त्या सभेला तुम्ही गेले होते ना?"

गेलो होतो. १५ मे २०२४, बुधवार, पंतप्रधानांची सभा इथंच, पिंपळगावात. लोकसभेचं मतदान पाच दिवसांवर आलं होतं. मी बऱ्याच मागं उभा होतो. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, "कांद्यावर बोला." तो माझ्यापासून लांब होता, त्याचा चेहरा मला दिसला नाही. पण आजूबाजूच्या माणसांच्या माना एकदम त्या बाजूला वळल्या, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं नकळत डोक्याचं मुंडासं सारखं केलं. पुढं कांद्याच्या सरकारी खरेदीचा उल्लेख भाषणात आला. आमच्या परिसरात मात्र त्या दिवसाची आठवण निघाली की आधी त्या पोराचे दोन शब्द निघतात.

२० मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल. दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार लाखाहून अधिक मतांनी हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. त्यातही भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला तुतारी हे चिन्ह मिळालं होतं आणि त्यालाही लाखाहून जास्त मतं पडली, कारण भास्कर भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं. एवढा घोटाळा होऊनही निकाल फिरला नाही. नोव्हेंबरात विधानसभेला वारं पुन्हा वेगळ्या दिशेनं वाहिलं. मी यातून कुणाची बाजू घेऊन बोलत नाही. मला एवढंच दिसलं की त्या उन्हाळ्यात माणसं मतदानाच्या रांगेतही मार्केटच्या रांगेसारखीच उभी होती. शांत, उन्हात, हातात कागद घेऊन.

"तुम्ही कुणाला दिलं?" मी त्या बाईला विचारलं. ती विळा न थांबवता हसली. "कांद्याला," म्हणाली.

संध्याकाळी सहा

चाळ भरायची. चाळीत किती टाकायचा आणि किती आजच विकायचा, हा वर्षातला सगळ्यात अवघड हिशोब. आज तेराशे. पावसाळ्यात कदाचित दोन हजार होईल, कदाचित निम्मा सडेल. २०२३च्या ऑगस्टपर्यंत हा हिशोब पाऊस, आवक आणि वास यांच्यावर करायचो. आता चौथी गोष्ट आली आहे, आणि तिचा अंदाज पंचांगातही नाही आणि हवामान खात्याकडंही नाही.

बायको म्हणाली, "निम्मा ठेवू."

मी म्हणालो, "गेल्या साली निम्माच ठेवला होता."

"त्याच्या आधीच्या साली सगळा ठेवला होता. त्यापेक्षा निम्मा बरा."

निम्मा ठरला. खालून हवा खेळावी म्हणून बांबूच्या फळ्यांवर थर लावला, जोड आणि मान जाड असलेला बाजूला काढला. चाळीच्या कडेचा दिवा लावून पोरगा टोपल्या देत राहिला. अकरावीला गेलाय, शेती करीन म्हणतो. मी हो किंवा नाही काहीच म्हणालेलो नाही.

रात्री साडेनऊ

आईचा उपास, तिनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली होती, आम्हीही तेच खाल्लं. जेवताना तिनं विचारलं, "काय भाव फुटला?"

"तेराशे दहा. मग बाराशे ऐंशी."

तिनं पुढं विचारलं नाही. ओसरीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर दुपारी तोडून आणलेले गोंडे पसरले होते. जेवण झाल्यावर ती तिथं बसली आणि चोळून बी काढू लागली. सुपात फुंकर मारली की टरफल उडून अंगणात जायचं आणि काळं बी खाली राहायचं. मी आजची पट्टी फाइलीत घातली. तिथं आता जागा कमी पडायला लागली आहे.

उद्या पुन्हा एक खेप आहे. ट्रॉली भरून झाली. दहा वाजता झोपायच्या आधी अंगणात जाऊन फोन बघितला. एकदा बातम्या बघितल्या, एकदा ग्रुप बघितला. नवीन काही नव्हतं. ताडपत्रीची दोरी एका बाजूला सैल वाटली, ती सोडून पुन्हा बांधली. ओसरीवर आईचं सूप अजून चालूच होतं.